एएफची मेझ शस्त्रक्रिया: तारीख ठरल्यापासून पुढच्या वर्षभरापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डात काम करताना एक प्रश्न मी सतत ऐकते. "सिस्टर, आईचे ठोके आता एकसारखे पडतायत. मग ती रक्त पातळ करायची गोळी अजून कशाला?" विचारणाऱ्यांची मला काळजी वाटत नाही, त्यांना उत्तर देता येतं. न विचारता गोळी बंद करणारे दीड-दोन महिन्यांनी अपघात विभागात भेटतात, तेव्हा तोंड वाकडं झालेलं असतं किंवा एक हात उचलत नसतो. शस्त्रक्रिया नीट झालेली असते, चूक नंतर घरी झालेली असते.

हा लेख एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, असलेल्या आणि झडपेच्या ऑपरेशनबरोबरच मेझ (ठोका लयीत आणायला हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर व्रण करण्याची शस्त्रक्रिया) करायचं ठरलेल्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. आपल्याकडे यातले बरेच जण लहानपणीच्या संधिवाताच्या तापामुळे मायट्रल झडप आकसलेले असतात. मांडीतून तार घालून कॅथलॅबमध्ये करतात ते ॲब्लेशन वेगळं. त्यात छाती उघडत नाहीत, बरं व्हायला लागणारे दिवसही वेगळे. "शेजारच्या काकांचं ॲब्लेशन झालं आणि ते तिसऱ्या दिवशी दुकानात बसले" हे उदाहरण तुमच्या कामाचं नाही.

आधी हे पक्कं करा: ठोका आणि गुठळी, दोन वेगळे प्रश्न

एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. त्यातून दोन त्रास होतात. एक, नाडी अनियमित होते, धडधड आणि दम लागतो. दुसरा, थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की पक्षाघात. डाव्या वरच्या कप्प्याला लागून अंगठ्याएवढी एक पिशवी असते, गुठळी बऱ्याचदा तिथे धरते.

मेझमध्ये कप्प्यांच्या भिंतीवर ठरावीक रेषांत जाणूनबुजून व्रण करतात. व्रणातून वीज जात नाही, त्यामुळे भरकटणाऱ्या लहरींना वाट उरत नाही. हा झाला ठोक्याचा इलाज. पिशवी कापून, शिवून किंवा चिमटा लावून बंद करणं आणि रक्त पातळ करणारी गोळी हा गुठळीचा इलाज. एक प्रश्न सुटला म्हणून दुसरा सुटत नाही. खालचा प्रत्येक टप्पा वाचताना हे डोक्यात ठेवा.

टप्पा १: नेमकं काय करणार आहेत ते लिहून घ्या

सर्जनला भेटायला जाताना वही न्या. दोघांनी जा, एकाने बोलायचं आणि एकाने लिहायचं. विचारायचे प्रश्न असे:

१. एएफ अधूनमधून येतो की कायमचा झाला आहे, आणि साधारण किती वर्षांपासून?
२. टू-डी एकोमध्ये डाव्या वरच्या कप्प्याचं माप किती?
३. मेझ दोन्ही बाजूंचं की फक्त डावीकडचं? उष्णतेने की अतिथंड क्रायोने?
४. पिशवी बंद करणार का, आणि कशी?
५. झडप दुरुस्त होईल की बदलावी लागेल? बदलली तर धातूची की जैविक (प्राण्यांच्या ऊतींची)?
६. पेसमेकर लागण्याची शक्यता किती?

पहिले दोन प्रश्न लोक सोडून देतात, आणि यशाचा अंदाज तर त्यांवरच ठरतो. एएफ जितका जुना आणि कप्पा जितका फुगलेला, तितकी ठोका परत लयीत येण्याची शक्यता कमी. अपेक्षा योग्य ठेवायला एक आकडा सांगते. मायट्रल झडपेच्या शस्त्रक्रियेबरोबर व्रणांचं हे काम (छाती उघडून केलं तरी त्यालाही ॲब्लेशनच म्हणतात) केलेल्या आणि न केलेल्या रुग्णांची तुलना करणारा अमेरिका-कॅनडातला २६० जणांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲब्लेशन केलेल्यांपैकी सुमारे ६३ टक्के जण सहाव्या आणि बाराव्या महिन्यातही एएफमुक्त होते, न केलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के. पण ॲब्लेशनच्या गटात कायमचा पेसमेकर बसवावा लागण्याचं प्रमाणही जास्त होतं. तेव्हा फायदा मोठा आहे, पण खात्री नाही, आणि पेसमेकरची वेळ आली तर कोणी काही बिघडवलं असा अर्थ काढू नका.

पाचवा प्रश्न तरुण स्त्रियांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. धातूची झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी, आणि या गोळ्यांचा गर्भावर, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, दुष्परिणाम होऊ शकतो. मूल हवं असेल तर ते शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनला सांगा. सासूबाई समोर आहेत म्हणून गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. डॉक्टरांशी एकटीने बोलायचं आहे असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे.

टप्पा २: फाइल आणि पैशांची जुळणी, भरती होण्याआधी

सगळे कागद तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावा, सगळ्यात नवा वर. पूर्वीचे ईसीजी टाकून देऊ नका. एएफ कधी सुरू झाला याचा पुरावा तोच असतो.

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) आधी भेटा. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरचं नाव एकच आहे ना ते आत्ता पाहा. "भाऊसाहेब" आणि "भाऊराव" एवढ्या फरकावर मंजुरी अडकते. गोव्यातल्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवण्याचं बंधन आहे. तिथल्या समाजसेवा विभागात उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.

सावध: पैसे भरून दाखल व्हायचं आणि "नंतर योजनेत बसवू" हा क्रम उलटा आहे. मंजुरी आधी, भरती नंतर. झडप मंजूर आहे पण मेझसाठी लागणारं उपकरण त्यात धरलंय का, हे वेगळं विचारा. खाजगी विम्यातही हाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

टप्पा ३: तपासण्या, आणि त्याआधी दात

दात हा विषय लोकांना हास्यास्पद वाटतो. हृदयाचं ऑपरेशन आणि दाढ? पण किडलेल्या दाढेतले जंतू रक्तात शिरून नव्या झडपेवर बसतात. ते संक्रमण जिवावर बेततं आणि कधी झडप पुन्हा बदलावी लागते. म्हणून तारीख पक्की झाली की दंतवैद्याकडे जा, मात्र कार्डिओलॉजिस्टची चिठ्ठी घेऊन. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना दाढ काढायची तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा रक्ततपासणीचा आकडा) पाहावा लागतो, आणि आधीच झडपेचा आजार असल्याने अँटिबायोटिक हवं का तेही विचारावं लागतं. हिरडी भरून यायला वेळ लागतो, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

बाकी तपासण्या रुग्णालय सांगेलच: रक्तगट, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, साखर, पीटी-आयएनआर, छातीचा एक्स-रे, चाळिशीपुढच्यांना बहुतेक वेळा अँजिओग्राफी. दोन गोष्टी स्वतः विचारा. थायरॉइड तपासलंय का? वाढलेलं थायरॉइड एकट्यानेसुद्धा एएफ घडवतं. आणि अन्ननलिकेतून करतात तो एको कधी आहे? डाव्या पिशवीत गुठळी आहे का ते त्यात नीट दिसतं. त्यासाठी ६ तास पोट रिकामं लागतं. "फक्त अर्धा कप चहा घेतला" म्हणून परत पाठवलेले रुग्ण दर आठवड्याला असतात.

टप्पा ४: कोणती गोळी कधी थांबवायची

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबून दोनदा वाचा.

१. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरून सर्जनपुढे ठेवा. यादी नको, पट्ट्याच न्या. यादीत ताकद चुकते.

२. प्रत्येक गोळीपुढे "शेवटची गोळी अमुक तारखेला" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. "पाच दिवस आधी बंद" एवढ्यावर निघू नका. घरी कोणी ऑपरेशनचा दिवस धरून मोजतं, कोणी सोडून.

३. साधारण रीत कळावी म्हणून सांगते. रक्त पातळ करणाऱ्या जुन्या गोळ्यांपैकी वॉरफरिन ५ दिवस आधी थांबवतात, ॲसिनोकुमॅरॉलचा असर लवकर उतरतो म्हणून त्याहून कमी दिवस. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबॅन, ॲपिक्सॅबॅन या नव्या गोळ्या २ ते ३ दिवस आधी, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी आधी. क्लोपिडोग्रेल ५ दिवस. तुमचा आकडा मात्र तुमच्या सर्जनच्या कागदावरचाच.

४. मधल्या दिवसांत हेपॅरिनची (रक्त पातळ ठेवणारी) इंजेक्शनं लागतील का ते विचारा. झडप आकसलेल्या किंवा आधी धातूची झडप बसवलेल्या रुग्णात गोळी थांबल्यावरचे हे दिवस गुठळीसाठी धोक्याचे असतात. गोळी लक्षात ठेवून थांबवली आणि इंजेक्शन घ्यायचंच राहिलं, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे.

५. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या हल्ली हृदयासाठीही देतात. त्या साधारण ३ दिवस आधी थांबवतात, नाहीतर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. ही गोळी "हृदयाची आहे" म्हणून चालू ठेवतात आणि भूलतज्ज्ञाला सांगायचं राहतं.

६. ठोका आवरणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, मनाने बंद करू नका. त्या बऱ्याचदा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर देतात.

७. काढे, गुग्गुळ, लसणाच्या कॅप्सूल, जिन्को, ओमेगा-३ हे सगळं सांगा. "ते आयुर्वेदिक आहे, त्याचं काय" असं म्हणू नका. यातल्या काहींनी रक्तस्राव वाढतो.

तपासा: रक्त पातळ करणारी गोळी थांबवल्याची तारीख, इंजेक्शन सुरू करण्याची तारीख आणि शेवटचं इंजेक्शन कधी, या तिन्ही गोष्टी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिल्या आहेत का?

टप्पा ५: फुप्फुसं, तंबाखू आणि घर

तंबाखू, बिडी, मिश्री बंद, निदान महिनाभर आधी. बायका मिश्रीला तंबाखू मानत नाहीत आणि विचारल्यावर "नाही" म्हणतात. त्यातही निकोटीन असतं. धूम्रपान चालू राहिलं तर ऑपरेशननंतर कफ सुटत नाही आणि व्हेंटिलेटर लांबतो.

तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र आत्ताच आणा आणि सराव करा. लोक त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, नळीतून श्वास आत ओढायचा, चेंडू वर धरून ठेवायचे आणि मग सोडायचा. जागेपणी दर तासाला दहा वेळा. ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन शिकणं जमत नाही.

घरात उंच खाट आणि कमोडची सोय करा. जमिनीवरच्या अंथरुणातून किंवा भारतीय संडासातून हातावर जोर देऊन उठताना छातीच्या हाडावर ताण येतो. कमोड नसेल तर बाजारात मिळणारी कमोडची खुर्ची पुरते.

टप्पा ६: आदला दिवस

छातीचे केस घरी वस्तऱ्याने काढू नका. बारीक कापले जातं आणि तिथून जंतू शिरतात. रुग्णालयात मशीनने काढतात. दिलेल्या जंतुनाशक साबणाने डोक्यावरून अंघोळ. नेलपॉलिश, गडद मेंदी नको, बोटाला लावायच्या यंत्राचं माप त्याने चुकू शकतं. बांगड्या, मंगळसूत्र, नथ, जोडवी घरी काढून या. ऐन वेळी बोटातून न निघणारी अंगठी कापावी लागते.

खाणं शस्त्रक्रियेआधी ६ तास बंद, साधं पाणी साधारण २ तास. वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच.

संमतिपत्र मराठीत मागा. मेझ, पिशवी बंद करणं आणि झडप, तिन्ही त्यावर लिहिलेलं आहे का ते वाचून मगच सही करा.

टप्पा ७: शस्त्रक्रियेच्या दिवशी आत काय चालतं

बाहेर बसलेल्यांसाठी थोडक्यात. भूल, मग छातीचं हाड मधोमध उघडणं, रुग्णाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेणं. त्यानंतर फुप्फुसातून येणाऱ्या शिरांभोवती व्रणांच्या रेषा, डावा कप्पा उघडून पुढच्या रेषा, पिशवी बंद करणं, झडपेचं काम, उजव्या कप्प्यातल्या रेषा. क्रायो वापरला तर टोक उणे ६० अंशांच्या आसपास थंड करून काही मिनिटं टेकवतात. शेवटी हृदय पुन्हा सुरू करून त्यावर पेसिंगच्या तात्पुरत्या तारा लावतात आणि हाड स्टीलच्या तारेने बांधतात.

एकूण चार ते सहा तास, कधी जास्त. वेळ लागला म्हणजे काही बिघडलं असं नाही. बाहेर एकच माणूस ठरवा, ज्याचा फोन नंबर वॉर्डकडे आहे. आठ जणांनी आठ वेळा विचारलं की नेमका निरोप योग्य माणसाकडे पोहोचत नाही.

टप्पा ८: आयसीयू आणि वॉर्ड

पहिल्यांदा आत गेल्यावर तोंडात नळी, छातीतून ड्रेन, हातपाय सुजलेले असं दिसेल. बोलता येणार नाही, पण ऐकू येतं. हात धरून नाव घ्या, रडू बाहेर येऊन रडा.

वॉर्डात रुग्णाकडून करून घ्यायची तीन कामं: श्वासाचं यंत्र, उशी छातीशी घट्ट धरून खोकणं, आणि दिवसातून तीन-चार वेळा चालणं. "आराम करू दे" म्हणून दिवसभर झोपवून ठेवणं ही प्रेमापोटीची चूक आहे. कफ साचतो, पायात गुठळी होते.

याच दिवसांत मॉनिटरवर एएफ परत दिसू शकतो. हृदयावरची सूज ताजी असते, पोटॅशियम खाली-वर होतं. घाबरू नका आणि "ऑपरेशन फेल" हा शब्द रुग्णासमोर उच्चारू नका. उलट ठोका फार हळू पडला तर तात्पुरत्या तारा कामाला येतात. काही दिवसांत स्वतःचा ठोका सावरला नाही तरच कायमच्या पेसमेकरचा विचार होतो.

सावध: पेसिंगच्या तारा काढल्यावर काही तास पडून राहायला सांगतात. त्या वेळात उठून बाथरूमला जाऊ नका. क्वचित आत रक्तस्राव होतो, आणि तो ओळखण्यासाठीच ते तास असतात.

टप्पा ९: डिस्चार्जच्या आधी पाच गोष्टी हातात हव्यात

१. माझा आयएनआर किती असायला हवा? नुसत्या एएफसाठी साधारण २ ते ३, मायट्रल जागी धातूची झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५. तुमचा आकडा कार्डावर लिहून घ्या.
२. पुढची आयएनआर तपासणी कोणत्या तारखेला? पहिली काही दिवसांतच असते, महिन्याने नाही.
३. अमिओडॅरॉन (ठोका लयीत ठेवणारी गोळी) चालू आहे का, आणि किती दिवस?
४. झडपेचं कार्ड: प्रकार, माप, तारीख.
५. रात्री दोन वाजता काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

धातूची झडप किंवा बरीच आकसलेली मायट्रल झडप असणाऱ्यांनी "नवी गोळी आलीय, तिला आयएनआर लागत नाही" हे ऐकून गोळी बदलू नये. धातूच्या झडपेत डॅबिगॅट्रान वापरून पाहिलं तेव्हा गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. संधिवाताच्या झडपेतल्या एएफवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा वॉरफरिनसारख्या जुन्या गोळ्यांचेच रुग्ण चांगले राहिले.

टप्पा १०: पहिले तीन महिने

*छातीचं हाड.* जुळायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला तीन महिने. तोवर पाण्याची कळशी, गॅस सिलिंडर, नातवंड उचलायचं नाही. कणीक मळणं, कपडे पिळणं, विहिरीवरून पाणी ओढणंही नाही. दुचाकी चालवायची नाही, मागेही बसायचं नाही, आपल्या रस्त्यांवरचा एक खड्डा पुरतो. एसटीत चढताना दांडा धरून शरीर वर ओढू नका. हाडातून कट् असा आवाज येत असेल, जखमेतून पाणी येत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

*रक्त पातळ करणारी गोळी.* रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी. रात्रीच्या बातम्या लागल्या की गोळी, अशी सांगड घाला. विसरली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर कालची सोडून द्या, दोन एकदम कधीच नाही. डॉक्टरांनी "एक दिवस एक, एक दिवस दीड" सांगितलं असेल तर ते कॅलेंडरच्या चौकटीत लिहा आणि घेतल्यावर टिक करा. ॲसिनोकुमॅरॉल १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये मिळते. मेडिकलमधून आणलेली पट्टी घरी आल्यावर जुन्या पट्टीशी ताडून पाहा.

*अमिओडॅरॉन आणि आयएनआर.* ठोका लयीत राहावा म्हणून ही गोळी बऱ्याचदा पहिले काही आठवडे ते तीन महिने देतात. ती वॉरफरिन आणि ॲसिनोकुमॅरॉलचा असर वाढवते, तोही एका दिवसात नाही, हळूहळू आठवड्यांत. त्यामुळे दहाव्या दिवशी बरोबर असलेला आयएनआर महिन्याने खूप वर जाऊ शकतो. ती बंद केल्यावर उलटं होतं, असर आठवड्यांनी उतरतो आणि आयएनआर खाली येतो. म्हणून ही गोळी सुरू, कमी किंवा बंद झाली की आयएनआर लवकर-लवकर तपासा. थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्याही तिच्यासाठीच सांगतात.

*खाणं.* पालक, मेथी, शेपू, अळू, कोथिंबीर यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते गोळीच्या उलट काम करतं. यावर लोक पालेभाजी पूर्ण बंद करतात. ते करू नका. प्रमाण रोज सारखं ठेवा, एवढंच. धोका अचानक बदलाचा आहे: श्रावणातले उपवास, नवरात्रातले नऊ दिवस, किंवा हिवाळ्यात महिनाभर रोज मेथी. असा बदल करणार असाल तर आधी सांगा आणि मध्ये एकदा आयएनआर करा.

*बाहेरची औषधं.* गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊ नका. पॅरासिटामॉल चालतं, पण तेही रोज घ्यावं लागत असेल तर सांगा. कणकण वाटली की कंबरेत इंजेक्शन घ्यायची गावाकडची सवय सोडा. रक्त पातळ असताना स्नायूत रक्त साचून काळानिळा गोळा होतो. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्सॅझोल, फ्लुकोनॅझोल यांनी आयएनआर चढतो, म्हणून कोणत्याही डॉक्टरांकडे बसताना पहिलं वाक्य हेच: "माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे."

संधिवाताच्या तापासाठी २१ दिवसांनी घ्यायचं पेनिसिलिन मात्र ऑपरेशन झालं म्हणून संपत नाही. ते स्नायूतच द्यायचं असतं, तेव्हा इंजेक्शन की गोळ्या, आणि आयएनआर किती असताना, हे कार्डिओलॉजिस्टना विचारून ठरवा. गुपचूप सोडून देऊ नका.

*ठोके.* रोज सकाळी उठल्यावर नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं अनियमित नाडीत चुकतं. बीपीच्या यंत्रावरचा आकडाही एएफमध्ये फसवा असतो. वहीत तारीख, नाडी, नियमित की अनियमित, वजन असे चार रकाने करा. दोन-तीन दिवसांत वजन २ किलो वाढलं तर अंगात पाणी साचतंय, कळवा.

पहिल्या तीन महिन्यांत एएफ परत आला तर शस्त्रक्रिया वाया गेली असं डॉक्टरही धरत नाहीत. व्रण अजून पिकत असतात. मात्र एएफ आलेला कळवायलाच हवा, कारण गोळ्यांनी किंवा विजेच्या सौम्य झटक्याने तो लयीत आणता येतो, आणि लवकर आणणं बरं.

सावध, यात थांबू नका: तोंड वाकडं, बोबडी, एका बाजूचा जोर गेला तर १०८. लक्षणं सुरू झाल्याची वेळ आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगा. घरी ॲस्पिरिन देऊ नका, रक्तस्रावही असू शकतो. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात जा. याही गोष्टींत लगेच जा: काळी शौच, न थांबणारा घोळणा फुटणं, गिळताना दुखून ताप येणं, किंवा नुसताच तीन दिवसांहून जास्त ताप. शेवटच्या दोन्हींत मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून सुरू करू नका. आधी रक्ताचं कल्चर व्हायला हवं, नाहीतर जंतू सापडत नाहीत.

टप्पा ११: तीन, सहा, बारा महिने

तिन्ही वेळा होल्टर, म्हणजे ठोक्यांची नोंद करायला २४ तास किंवा जास्त वेळ अंगाला लावलेली पट्टी. "मला काही वाटत नाही, कशाला?" असं म्हणून टाळू नका. मेझनंतर एएफ जाणवतही नाही असं होतं. मनगटी घड्याळाने काही दाखवलं तर ते डॉक्टरांना दाखवा, पण होल्टरऐवजी ते चालत नाही.

गोळीचा प्रश्न इथे पुन्हा उघडतो, आणि तो डॉक्टरांच्या समोरच उघडायचा. धातूची झडप असेल तर उत्तर ठरलेलं आहे, ठोके कितीही सुरेख असले तरी जन्मभर. झडप दुरुस्त केली असेल किंवा जैविक असेल, तर वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात, होल्टर आणि एको पाहून निर्णय होतो. "पिशवी तर बंद केलीय" हे कारण पुरेसं नाही. हृदयशस्त्रक्रियेत पिशवी बंद केल्याने पक्षाघात कमी होतात हे २०२१ च्या सुमारे ४८०० रुग्णांच्या चाचणीत दिसलं: पक्षाघात किंवा शरीरात इतरत्र गुठळी अडकणं ७ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर. पण त्यातले बहुतेक रुग्ण गोळीही घेतच होते. पिशवी बंद करून गोळी सोडली तर काय, याचं उत्तर ती चाचणी देत नाही.

पुढे कधीही दात काढायचा असेल, मोतीबिंदू, दुर्बिणीची तपासणी किंवा दुसरं ऑपरेशन असेल, तर टप्पा ४ पुन्हा पहिल्यापासून करा. कृत्रिम झडप असेल तर दाताच्या कामाआधी अँटिबायोटिक लागतं, ते दंतवैद्याला स्वतः आठवण करून सांगा. पाकिटात एक कार्ड ठेवा आणि त्यावर पाच ओळी मराठीत आणि इंग्रजीत लिहा: झडपेचा प्रकार, मेझची तारीख, गोळीचं नाव आणि ताकद, आयएनआर किती हवा, घरच्यांचा नंबर. त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये हवा, कारण गरज पडते तेव्हा रुग्ण बोलण्याच्या स्थितीत असेलच असं नाही.